पावसात पेब करताय? नेरळहून चढा, माथेरानकडे उतरा

गेल्या रविवारी ऑफिसमधले आम्ही चौघं पेबला जाऊन आलो, विकटगड म्हणतात तोच. दादरहून पहाटेची कर्जत लोकल पकडा, उशिराच्या गाड्यांना अर्धी मुंबई लोटलेली असते आणि तीच गर्दी मग वर शिडीपाशी तुंबते.

नेरळहून विजेच्या मोठ्या टॉवरांच्या दिशेने निघायचं, पुढे ओढा, मग खिंडीपर्यंत जंगलातली चढण. ओढ्याचं नीट सांगतो कारण पावसात खरा धोका तिथेच. सकाळी जाताना घोटाभर पाणी असतं, पोरं त्यात बसून फोटो काढतात, पण वर माथेरानच्या अंगाला तासभर कोसळला की खाली थेंब नसतानाही लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत यायला लागला, आवाज बदलला, की सामान राहू दे पण आधी पात्राबाहेर पडा. अलीकडे अडकलात तर सरळ बसून राहा, हे ओढे पाऊस थांबला की बहुतेक वेळा काही तासांत उतरतात, हातात हात धरून साखळी करायचं शौर्य नको.

म्हणूनच आल्या वाटेने परत फिरू नका. आमच्यातल्या एकाची बाईक नेरळ स्टेशनला होती म्हणून त्याचा हट्ट चालला होता, ऐकलं नाही, बाईक कुठे जात नाही.

गडावरून माथेरानच्या बाजूला लोखंडी शिडी आहे, ओली असते. तोंड कातळाकडे, एका वेळी एकच माणूस, एक हात किंवा पाय हलवताना बाकीचे तीन पक्के. रील काढायला मोबाईल हातात घेतलेले महाभाग आम्हाला भेटलेच! वीज कडाडत असेल तर शिडीच्या जवळपासही जाऊ नका.

तिथून पुढे कड्यावरच्या गणपतीजवळ मिनी ट्रेनच्या रुळांना लागता. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, तरी कामाची ट्रॉली येऊ शकते, त्यामुळे कानात इअरफोन नकोत, आणि धुक्यात दरीच्या कडेने तर मुळीच चालू नका. रूळ धरून दस्तुरी नाका, तिथून नेरळला शेअर टॅक्सी मिळते.

सॅकमध्ये टॉर्च आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा टीशर्ट हवाच, भिजून वाऱ्यात थांबलं की चांगलंच काकडतं. रेंज येते-जाते, त्यामुळे कुठून उतरणार ते घरी सांगून निघा, इमर्जन्सीला ११२. दुपारी दोनला गड सोडा, वरती मठ आहे म्हणून तिथे पथाऱ्या पसरू नका.