मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटर आणि तास

मूल न्यूयॉर्कला असते असे कोणी सांगितले की समोरच्याचा पहिला प्रश्न असतो, "किती तास लागतात?" किलोमीटर सहसा कोणी विचारत नाही, आणि त्यात मला शहाणपण दिसते, कारण या दोन विमानतळांमधले किलोमीटर कायमचे ठरलेले आहेत, तास मात्र वाऱ्याच्या आणि सरकारांच्या मर्जीवर आहेत.

किलोमीटर आहेत सुमारे 12,500. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर अरबस्तान आणि भूमध्य समुद्रावरून सरळ पश्चिमेला जावे असे वाटते; पण पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो सिंध आणि कंदाहारच्या बाजूने तुर्कमेनिस्तानात शिरतो, मॉस्कोजवळून निघतो, आइसलँड ओलांडतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी लगट करून अमेरिकेकडे खाली उतरतो. हीच सर्वांत जवळची वाट आहे, आणि सध्या त्या वाटेने सरळ जाणे अवघड आहे. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तर रशियाचे आकाश अमेरिकी विमानांना 2022 पासून बंद आहे. म्हणजे एकाला दोऱ्याची सुरुवात मिळत नाही आणि दुसऱ्याला मधला भाग. वळसा दोघांनाही पडतो, आणि त्याचे इंधन अर्थातच तिकिटात येते.

वाट मोकळी असती तरी जाण्यायेण्याचा वेळ सारखा नसताच. जाताना साधारण सोळा तास लागतात, येताना तास-दीड तास कमी. पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून येताना लवकर पोहोचतो, असे स्पष्टीकरण बैठकीत हमखास ऐकू येते. पण हवा पृथ्वीबरोबर फिरत नसती, तर न्यूयॉर्कच आपल्याकडे सरकत आले असते आणि उलट जाणेच लवकर झाले असते. खरे कारण आहे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा जेट प्रवाह, जो हिवाळ्यात अधिक जोर धरतो. परतणारे विमान त्याचा लाभ घेते आणि जाणाऱ्याला तो टाळत जावे लागते, त्यामुळे दर उड्डाणापूर्वी त्या दिवसाच्या वाऱ्याप्रमाणे मार्ग नव्याने आखतात.

1960 मध्ये एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा सुरू झाली तेव्हा बोईंग 707 लंडनला थांबून पुढे जात असे. आता मधला मुक्काम गेला, घड्याळाचा घोळ मात्र राहिला. उन्हाळ्यात मुंबईहून रात्री दोनला निघालेला माणूस सोळा तासांनी उतरतो, तेव्हा तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. परतताना दुपारी बाराला निघून साडेचौदा तासांनी तो मुंबईत उतरतो, तर इथे दुसऱ्या दिवसाची दुपार झालेली असते आणि घरचे थेट जेवायचे पान वाढतात, त्याच्या पोटाला मात्र मध्यरात्र उलटून गेल्याची खात्री असते.