३ फुटी गेजचा लाकडी मालडबा: झोळ निघाला, आता फळ्या

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ३ फुटी गेजच्या, म्हणजे दोन रुळांत ३ फूट (९१४ मिमी) अंतर असलेल्या रेल्वेमार्गांवर धावायचे तसला ३० फुटी लाकडी बंद डबा. या टप्प्यात सांगाडा सरळ झाला. फळ्या चकाचक आणि खाली तुळई वाकलेली, अशा डब्याचं दार लवकरच अडकायला लागतं. म्हणून आधी सांगाडा.

दोन बोल्स्टरच्या (डब्याचं वजन चाकांच्या सांगाड्यावर टेकवणाऱ्या आडव्या तुळयांच्या) मध्ये, कडेच्या तुळईच्या खालच्या अंगाला दोरी ताणली. मधोमध झोळ ३८ मिमी. छताचं पाणी फळ्यांमागून उतरतं, उभ्या खांबांच्या खाचेत साठतं आणि तुळई आतून कुजते. बाहेरून ठणठणीत दिसते, पण पटाशी चार-पाच सेंमी सहज आत जाते.

ट्रस रॉड (डब्याखाली लांबीभर ताणलेल्या लोखंडी सळया) आवळून झोळ काढायला जाऊ नका. टोकाचे वॉशर कुजक्या लाकडात रुततात, आटे सोलले जातात, डबा जागचा हलत नाही. उचलायचं काम जॅकचं, धरून ठेवायचं रॉडचं. रॉड सैल करून क्वीन पोस्टच्या (रॉडला खाली रेटून धरणाऱ्या आखूड खुंटांच्या) आडव्या तुळयांखाली जॅक लावले आणि दिवसाला ३ मिमीच उचललं. घाई केली की जुन्या बोल्टच्या भोकापासून चीर धावते. सरळ रेषेच्या वर १२ मिमी पोक मुद्दाम ठेवला. जॅक काढल्यावर डबा थोडा बसतोच.

सहापैकी दोन तुळयांना डग्लस फर लाकडाचे नवे तुकडे जोडले. तिरपा सांधा १:१०, म्हणजे २०० मिमी उंचीला २ मीटर लांब. शेजारच्या तुळयांचे सांधे एका ओळीत आणू नका, आणि बोल्स्टरवर तर नाहीच. कापलेल्या टोकांना कॉपर नॅफ्थनेटचे (कूज रोखणाऱ्या द्रावाचे) दोन हात. कुजक्या जागी इपॉक्सी भरणं आम्हाला पटत नाही: ओल कोंडते, कूज शेजारी सरकते.

मग रॉड. टर्नबकलला (रॉडचे दोन भाग जोडून फिरवल्यावर ताण देणाऱ्या तुकड्याला) एकीकडे उजवे, दुसरीकडे डावे आटे. तेल तीन दिवस मुरवलं, पुसून काढलं, मग फक्त टर्नबकल तापवलं. पाण्याची बादली हाताशी. चारही रॉड आलटून पालटून पाव-पाव फेरा. खूण एकच: हातोडीने हलकं ठोका. सैल रॉड भद्द वाजतो, ताणलेला घणघणतो. चौघांचा सूर जुळला की थांबा.

जुन्या फळ्या उतरवण्याआधी अंधारात टॉर्च भिंतीला लगटून आडवी धरा. अक्षरांच्या पांढऱ्या रंगातल्या शिशाने खालचं लाकूड राखलेलं असतं, त्यामुळे पुसलेले आकडेही केसभर वर उठून दिसतात. त्यावर कागद लावून पेन्सिल घासली की खरा आकार हाती येतो. याच शिशामुळे कोरडं घासकाम वर्ज्य: ओलं घासा, मास्क लावा.

नव्या फळ्यांना प्रायमर बसवण्याआधीच, सगळ्या बाजूंनी, फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या खाचेत आणि जिभेवरही. कोरड्या हवेत बसवत असाल तर दर सांध्याला १.५ मिमी फट सोडा, नाहीतर पहिल्या ओल्या महिन्यात फळ्या फुगून खिळे उपटतात.