जमीन ४४१ पट वेगाने ऐकताना

भूकंपमापकाच्या नोंदीतून ध्वनिकृती करायला बसलं की बहुतेक जण आधी मोठा भूकंप शोधतात. खरं तर दोन भूकंपांमधली खरखर जास्त ऐकण्यासारखी असते, कारण तिच्यात माणूस असतो.

नोंदी खुल्या असलेलं, शहराजवळचं केंद्र निवडा आणि ‘एचएचझेड’ ही उभ्या हालचालीची वाहिनी घ्या. तिच्यात सहसा सेकंदाला १०० नमुने, म्हणजे हालचालीची मोजमापं, असतात. तेच नमुने सेकंदाला ४४,१०० नमुने वाजवणाऱ्या (४४,१०० हर्ट्झच्या) वॅव्ह या ध्वनिफाइलमध्ये जसेच्या तसे लिहिले की वेग ४४१ पट होतो. अख्खा दिवस ३ मिनिटं १६ सेकंदांत आटोपतो आणि १ हर्ट्झचं कंपन ४४१ हर्ट्झवर ऐकू येतं. सेकंदाला २० नमुन्यांची वाहिनी मात्र टाळा. तिच्यात १० हर्ट्झच्या वरचं काही उरत नाही आणि रहदारी, यंत्रं यांची बरीच थरथर नेमकी तिथेच असते.

ऑब्सपाय या भूकंपनोंदी हाताळणाऱ्या पायथन सॉफ्टवेअरमध्ये काम करताना क्रम चुकवू नका. आधी सरासरी वजा करा, मग प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणा आणि त्यानंतरच नोंदीतल्या फटी शून्याने भरा. उलटं केलंत तर प्रत्येक फटीला ‘टक्’ असा आवाज येतो, आणि तो लोकांना दगड फुटल्यासारखा वाटतो!

पुढची अडचण समुद्राची. लाटांमुळे जमीन ५ ते ८ सेकंदांच्या आवर्तनाने सतत हलत असते. वेग वाढवल्यावर त्याची ५५ ते ८८ हर्ट्झची घुमघुम होते आणि बाकी सगळं तिच्याखाली दबतं. १ हर्ट्झच्या खालचं फिल्टरने वेगळं काढा, पण फेकू नका. दुसऱ्या ट्रॅकवर अगदी हलकं ठेवा. मोबाइलच्या स्पीकरवर ते ऐकूच येणार नाही, सबवूफर लागेल. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) वगैरे नकोच.

२०२० च्या टाळेबंदीत जगभर अनेक केंद्रांवर माणसांची ही थरथर निम्म्यापर्यंत उतरली होती. टाळेबंदीच्या आधीचा एक बुधवार आणि टाळेबंदीतला एक बुधवार पाठोपाठ वाजवले की दिवसा चढणारी ही थरथर ओसरलेली स्पष्ट कळते. मात्र आवाजाची पातळी बसवताना दोन्ही फाइलींना एकाच आकड्याने भागा. सॉफ्टवेअरने प्रत्येक फाइल आपापल्या कमाल पातळीवर नेली की नेमका हाच फरक पुसला जातो. मधल्या काळात केंद्रावरचं यंत्र बदललं असेल, तर त्याआधी यंत्राचा प्रतिसादही, म्हणजे त्या यंत्राच्या स्वतःच्या संवेदनशीलतेचा नोंदीवरचा परिणाम, काढून टाकावा लागेल.