हयातीचा दाखला, आपल्याच हाताने

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत निवृत्त मिल कामगार, रेल्वेतली माणसं आणि त्यांच्या मागे राहिलेल्या बायका बऱ्याच आहेत. नोव्हेंबर आला की पेन्शन चालू राहावी म्हणून हयातीच्या दाखल्यासाठी, म्हणजे आपण जिवंत आहोत हे कळवण्यासाठी, सगळे बँकेच्या रांगेत. आधारवरून हाच दाखला डिजिटल देण्याची ‘जीवन प्रमाण’ ही सोय २०१४ पासून आहे, पण मशीनवर यांचे अंगठे उमटत नाहीत. आयुष्यभर सूत हाताळलेल्या, भांडी घासलेल्या बोटांवर रेषा उरतात कुठे? चेहरा दाखवून दाखला देण्याची पद्धत २०२१ मध्ये आली. ती शिकवायला आम्ही काही जण विहाराच्या सभागृहात बसू लागलो.

स्मार्टफोन जवळपास प्रत्येक घरात होता. पण तो म्हाताऱ्या माणसांचा नव्हता. नंबर मुलाचा, मुलगा पुण्यात, ओटीपी त्याच्या खिशात. एका मावशींना नात शाळेत गेल्यावरच फोन मिळायचा. घरात फोन आहे एवढ्यावरून अशा बाईला डिजिटल जगात मोजणं मला मुळीच पटत नाही.

त्यातून भीती, आणि तीही रास्त. एका काकाजींनी ओटीपी सांगायला साफ नकार दिला. ‘टीव्हीवर सांगतेत कोनाले सांगू नका, अन् तुमीच मागून राह्यले?’ त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. लगेच नियम केला: ओटीपी कोणी विचारायचा नाही, फोन ज्याचा त्याच्या हातात, आकडे त्यानेच टाकायचे. वेळ फार लागायचा, एकेकाला पाऊण तास. तरी मी म्हणेन, एवढा वेळ द्यायची तयारी नसेल तर जनजागृतीचं नाव घेऊ नये.

ॲप दोन लागतात, ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’. आधी ऑपरेटरची, म्हणजे ॲप चालवणाऱ्याची, ओळख पटवावी लागते. पेन्शनधारक स्वतःच ऑपरेटर होऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आधार, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा क्रमांक) आणि खातं क्रमांक जवळ ठेवायचा. चेहरा घेताना खिडकी पाठीमागे असली की स्कॅन अडतं. आम्ही खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली, चष्मा काढायला सांगितला, डोळे मिचकावले की काम झालं. मग प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज येतो. तो आला की मावश्या एकमेकींना फोन दाखवायच्या.

ईपीएस-९५ वाल्यांनी, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफच्या) योजनेतून पेन्शन घेणाऱ्यांनी, तर नोव्हेंबरची वाट पाहूच नये. त्यांचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, कोणत्याही महिन्यात देता येतो. तरी निम्मी रांग त्यांचीच असायची.

ज्यांच्याकडे फोनच नाही किंवा जे खाटेवर आहेत, त्यांच्यासाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो. विहाराच्या फळ्यावर हे आता मोठ्या अक्षरात लिहिलंय, त्याखाली सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर: १९३०.