मामिया सिक्स अपडेट: प्लेट मिळाली एकदाची!

मंडळी, मागच्या वेळी माझ्या मामिया सिक्सवरून (जुना जपानी घडीचा फिल्म कॅमेरा) मी रडत होतो ते आठवतंय ना? पहिला रोल धुतला तर बाराच्या बारा फ्रेम कुठे शार्प कुठे मऊ, आणि गंमत म्हणजे दर फ्रेमला मऊ जागा वेगळीच. दोन आठवडे रेंजफाइंडरला (दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस जुळवायचा भाग) शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, कॅमेऱ्यात प्रेशर प्लेटच (फिल्म मागून सपाट दाबून धरणारी पट्टी) नव्हती!

ज्यांनी हा कॅमेरा हाताळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एरवी फोल्डिंग कॅमेऱ्यात फोकसला लेन्स पुढेमागे होते, नाहीतर नुसती तिची पुढची काच. सेइइची मामियांनी 1940 मध्ये उलटंच डोकं लावलं, लेन्स जागेवर आणि मागे फिल्मच सरकते! पाठीमागे वरच्या बाजूला दातेरी चाक आहे ते अंगठ्याने फिरवायचं. मी हिशेब करून पाहिला, 75 मिमीची लेन्स, अनंतावरून (म्हणजे फार दूरच्या फोकसवरून) 1 मीटरवर यायचं तर फिल्म जेमतेम 6 मिमी मागे जाते. फायदा असा की लेन्सच्या काचांमधली अंतरं कधीच बदलत नाहीत, म्हणून जवळचे फोटोही चांगले येतात. पण फिल्मच हलणार म्हटल्यावर प्लेट मागच्या दाराला पक्की कशी लावणार, म्हणून ती सुटी. आणि सुटी म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत कोणीतरी हरवणारच. माझं मॉडेल फोर, 1947 पासूनचं, टोकियोत जंकच्या टोपलीतून उचललेलं, "नो क्लेम नो रिटर्न", तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार.

शेवटी ऑनलाइन लिलावात एक मेलेली बॉडी मिळाली, शटर गेलेलं, पण प्लेट शाबूत. प्लेटवर बॉडी नंबर कोरलेला असतो, माझ्या बॉडीशी अर्थातच जुळत नाही. जरा धाकधूक होती, पण बसली बरोबर, कुठे अडकत नाही की डुगडुगत नाही.

मग बेलोज, म्हणजे लेन्स आणि बॉडीमधला घडीचा भाता. रात्री बाथरूममध्ये दिवा घालवून आत टॉर्च सोडला, तर कोपऱ्याकोपऱ्यात भोकांच्या चांदण्या! आभाळच फाटलंय तर ठिगळ कुठे लावणार म्हणतात ना, तसं झालं. काळा अ‍ॅक्रिलिक रंग आणि कापडाचा गोंद मिसळून बारीक ब्रशने तीन हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला (घाई केली तर घड्या एकमेकींना चिकटतात, विचारू नका कसं कळलं).

फोकसच्या चाकातलं ग्रीस डिंकासारखं झालेलं, ते लायटर फ्लुइडने काढून अगदी किंचित नवं लावलं. आता एका अंगठ्याने फिरतं. फिल्मच्या जागी ग्राउंड ग्लास (दुधी काच) धरून, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत) उघडं ठेवून, आराकावा नदीच्या काठावरून टोकियोच्या स्कायट्री मनोऱ्यावर अनंत तपासलं. काचेवर टोक कडक आणि रेंजफाइंडरमध्ये दोन टोकं, एक जरा डावीकडे. स्क्रू कणभर फिरवला तर एक झालं.

काल दुसरा रोल, अक्रॉस 100 फिल्म, रॉडिनल डेव्हलपर 1:50. निगेटिव्ह उजेडाकडे धरली आणि एकटाच ओरडलो! कडेपासून कडेपर्यंत शार्प, एफ 8 ला (लेन्सचं छिद्र लहान केल्यावर) तर सायकलच्या स्पोक मोजता येतात. यावरच्या ऑलिंपसच्या झुइको लेन्सचं कौतुक ऐकून होतो, चारच काचांची, पण काय ती करडी छटा! एफ 3.5 ला (छिद्र पूर्ण उघडं) कोपरे थोडे विरघळतात, पोर्ट्रेटला मला तेच आवडतं. बाबांच्या साध्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यामध्येही हाच 120 चा रोल आणि हीच चौकोनी बारा चित्रं, पण तिथे फोकस म्हणजे "जरा मागे सरका" एवढंच.

राहिलंय ते शटर. 1 सेकंदाला लावलं की अजून तीनपर्यंत मोजतं, आणि 1/10 कधी कधी अर्ध्यात झोपतं. पुढच्या सुट्टीत उघडतो. लेन्सच्या पुढच्या रिंगसाठी स्पॅनर घेऊ की रबराच्या बुचाने भागेल, कोणी उघडलंय का हे?