चौकशीच्या खोलीत रॉजर्सचा नियम

औषधांच्या कारखान्यात एका उत्पादनाचे पॅकिंग संपवून त्याच यंत्रावर दुसरे उत्पादन घेण्यापूर्वी लाईन क्लिअरन्स करावा लागतो. आधीच्या बॅचची एकही गोळी, फॉइलचा एकही तुकडा किंवा एकही माहितीपत्रक यंत्राच्या आसपास उरलेले नाही, हे डोळ्यांनी पाहून उत्पादन विभागाच्या पर्यवेक्षकाने सही करायची आणि गुणवत्ता विभागाच्या माणसाने ते सारे पुन्हा पडताळून दुसरी सही करायची, असा नेम आहे. गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कंपनीत मी मनुष्यबळ विभागात काम करत होते, तिथे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात, दोन्ही सह्या झालेल्या असताना, गोळ्या फॉइलच्या पट्टीत बंद करणाऱ्या ब्लिस्टर यंत्रात, गोळ्या पुढे सरकवणाऱ्या फीडरच्या झाकणाखाली, आधीच्या औषधाच्या गोळ्या सापडल्या. एका ऑपरेटर मुलीला त्या दिसल्या आणि तिने यंत्र थांबवले. माल बाहेर गेलेला नव्हता. पण रक्तदाबाच्या औषधाच्या पाकिटात मधुमेहाची गोळी जाऊ शकली असती, याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होता.

अशा घटनेचा डेव्हिएशन अहवाल, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून काय ढळले याचा अहवाल, लिहावा लागतो. त्यात मूळ कारणाचा एक रकाना असतो आणि उपायाचा एक. पहिल्यात ‘मानवी चूक’ आणि दुसऱ्यात ‘पुनःप्रशिक्षण’ असे लिहून बंद झालेले अहवाल मी इतके वाचले होते की, त्यांतली वाक्ये मला पाठ झाली होती. हा प्रकार मला मनापासून खटकतो, कारण त्यात माणसाचा उल्लेख असतो आणि माणसाची चौकशी मात्र कुठेच नसते.

सही करणारे पर्यवेक्षक डिचोली तालुक्यातले, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ होते. आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी खाणीवर काढली होती. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या; त्यानंतर ते इकडे आले. उत्पादन व्यवस्थापक त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, हुशार आणि त्या दिवसांत फार त्रासलेला होता. अहवाल संध्याकाळपर्यंत बंद व्हावा, असे त्याला वाटत होते. मी एक तास मागून घेतला आणि त्या तासापुरता एक नियम मान्य करण्याची विनंती केली.

तो नियम माझा नव्हता. मानवतावादी मानसशास्त्राचे एक प्रवर्तक कार्ल रॉजर्स यांनी १९५१ साली एका व्याख्यानात तो मांडला होता, आणि १९५२ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने तो फ्रिट्झ रोथलिसबर्गर यांच्या विवेचनासह छापला. वादात असलेल्या दोघांपैकी प्रत्येकाने आपले म्हणणे मांडण्यापूर्वी समोरच्याचे विचार आणि भावना त्याचे समाधान होईल इतक्या अचूकपणे सांगून दाखवायच्या, आणि अचूक झाले की नाही हे ज्याचे म्हणणे आहे त्यानेच ठरवायचे, एवढाच तो नियम आहे. हे रोथलिसबर्गर शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या अभ्यासात सहभागी होते. तिथे १९२८ नंतर वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या, आणि ठरलेले प्रश्न विचारण्यापेक्षा कामगाराला हवे त्या विषयावर बोलू दिले तर अधिक कळते, हे लक्षात आल्यावर मुलाखतीची पद्धतच बदलावी लागली. म्हणजे हा विचार कारखान्याला परका नाही.

बैठकीत आम्ही चौघे होतो. बोलणे कोकणीत झाले. ते मी इथे मराठीत देते.

पर्यवेक्षक म्हणाले, “मी झाकण उघडले नाही. सही केली.” पुढे काही बोलेनात. बऱ्याच वेळाने म्हणाले, “उघडायचे असते तर मागावे लागले असते.”

व्यवस्थापक म्हणाला, “म्हणजे तुम्हाला घाई होती.”

“नाही, सर. घाई असे मी म्हटले नाही.”

व्यवस्थापकाने पुन्हा प्रयत्न केला. “झाकण उघडणे गरजेचे नाही, असे तुम्हाला वाटले.”

“तेही नाही.”

तो माझ्याकडे वळला, त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. नियमाप्रमाणे स्वतःचे मत मांडण्याची त्याची पाळी अजून आलेली नव्हती. मी काही बोलले नाही. मग त्या दिवशी प्रथमच त्याने ज्याचे उत्तर त्याला माहीत नव्हते असा प्रश्न विचारला: “मागावे लागले असते म्हणजे काय? कोणाकडे?”

त्यानंतर जे बाहेर आले ते कोणत्याही तपासणी-यादीतून आले नसते. झाकणाचे स्क्रू काढायला विशिष्ट मापाची एलन की (षटकोनी टोकाची चावी) लागते आणि ती मेंटेनन्सच्या कपाटात असते. ती आणायची म्हणजे नोंद करा, थांबा. आणि एका उत्पादनावरून दुसऱ्यावर जायला प्रत्येक शिफ्टने किती वेळ घेतला, हे भिंतीवरच्या फलकावर सर्वांना दिसेल असे लिहिलेले. काही महिन्यांपूर्वी त्यांनी ती की लाईनवरच ठेवा, असे शिफ्टच्या वहीत लिहिले होते. त्यावर सगळ्या शिफ्टसमोर त्यांना ऐकवण्यात आले होते की, खाणीवरची सवय इथे आणू नका, यंत्र बनवणाऱ्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळते. ते वाक्य व्यवस्थापकाचेच होते.

व्यवस्थापकाने पुन्हा सांगायला सुरुवात केली. या वेळी त्याचा आवाज खाली आला होता. “तुम्ही आधीच सांगितले होते. मी तुम्हाला सगळ्यांसमोर कमी लेखले. त्यानंतर परत काही मागण्यापेक्षा सही करणे तुम्हाला सोपे वाटले.” पर्यवेक्षक म्हणाले, “होय, सर. असेच.”

मग पाळी उलटली. व्यवस्थापकाने, कदाचित मी ऐकलेले त्याचे पहिले मोकळे बोलणे, सांगितले की, पुढच्या महिन्यात तपासणी आहे, वरून रोज वेळेचे आकडे मागतात आणि आपल्या हाताखाली काहीतरी लपलेले आहे या भीतीने त्याला रात्री झोप लागत नाही. पर्यवेक्षकांनी ते जवळजवळ शब्दशः परत सांगितले आणि विचारले, “तुम्हाला भीती वाटते आणि ती आम्हाला दिसू नये म्हणून तुम्ही ओरडता, असे म्हणायचे आहे का?” हे सांगणे त्याच्या वाक्यात नव्हते. तरी तो थोड्या वेळाने हो म्हणाला. रॉजर्स यांनी माणसाच्या वाढीसाठी ज्या अटी सांगितल्या, त्यांत समोरच्याला विनाअट आदर आणि समानुभूती यांच्या बरोबरीने आतल्या-बाहेरच्या एकरूपतेलाही स्थान दिले आहे. नेतृत्वाच्या प्रशिक्षणांत पहिल्या दोन गोष्टींचा उदोउदो होतो आणि तिसरीला कोणी हात लावत नाही, कारण ती वरच्या माणसाला उघडे करते.

आदर म्हणजे चूक माफ करणे नव्हे, हे त्या खोलीत मला स्पष्ट सांगावे लागले नाही. पर्यवेक्षकांनी आपल्या जबाबात स्वतःच्या हाताने लिहिले की, न पाहता सही केली. गुणवत्ता विभागाच्या दुसऱ्या सहीबद्दलही तसेच नोंदले गेले. अहवालाच्या कारणाच्या रकान्यात साधनाची अनुपलब्धता, वेळेचा फलक आणि आधी आलेल्या सूचनेकडे दुर्लक्ष, अशी तीन कारणे आली. तिसरे व्यवस्थापकाने आपल्या नावानिशी घातले. एलन की लाईनवर साखळीने अडकवली गेली. फलक भिंतीवरून उतरला.

प्रशिक्षणाच्या सभागृहांत रॉजर्स यांच्याच परंपरेतले मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांच्या नावाचा, माणसाच्या गरजांच्या पायऱ्यांचा त्रिकोण दाखवून विषय संपवला जातो, याचे मला नेहमी वाईट वाटते. १९४३ च्या त्यांच्या मूळ लेखात तो त्रिकोण नाहीच. १९६२ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या नॉन-लिनियर सिस्टिम्स या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कारखान्यात राहून त्यांनी जी टिपणे केली, त्यांत उलट अशी शंका नोंदवली आहे की, आपले प्रेरणाविषयक निष्कर्ष दवाखान्यातल्या माणसांवरून काढलेले आहेत, ते उद्योगाला लावताना जपून राहावे.

गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांनी अशीच जपून राहण्याची एक अट घातली आणि ती मला मान्य आहे: यंत्र, गोळ्या, नमुने आणि नोंदी यांची तपासणी पूर्ण होईपर्यंत अशी बैठक घ्यायची नाही, म्हणजे ऐकताना पुरावा वितळून जाणार नाही. मुख्य कार्यालयाने अहवाल एकदा परत पाठवला, ‘मानवी चूक’ हा नेहमीचा शब्द नसल्याबद्दल. व्यवस्थापकाने तो न बदलता पुन्हा पाठवला, आणि पुढच्या डेव्हिएशनच्या वेळी मला बोलावण्याआधी त्याने ऑपरेटर मुलीला बसवून तिचे म्हणणे तिला परत सांगायला सुरुवात केली होती.