आईच्या जबड्यात कशाचे हाड?

माझी आई माळकरी आहे. गेल्या वर्षी तिच्या वरच्या जबड्यात डाव्या बाजूला, दोन दाढांच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायची कृत्रिम मुळे, बसवायचे ठरले, तेव्हा ठाण्यातल्या एका दवाखान्यात आम्हाला सांगण्यात आले की हाड कमी आहे, त्यामुळे आधी 'बोन पावडर' भरावी लागेल. पावडर कशाची, असे मी विचारले. 'इम्पोर्टेड आहे, चांगली असते', एवढेच उत्तर मिळाले. घरी येऊन खर्चाच्या कागदावरील नाव शोधले, तेव्हा ती गाईगुरांच्या हाडापासून बनवतात असे कळले. आईला हे आधी सांगायलाच हवे होते, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

नौपाड्यातल्या दुसऱ्या दंतवैद्यांनी मात्र आईला शेजारी बसवून सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, दाखवला. वरच्या दाढांच्या मुळांवर सायनसची, म्हणजे नाकाला जोडलेली हवेची, पोकळी असते. दाढ काढली की खालून हाड झिजते आणि वरून ही पोकळी खाली पसरते. आईच्या दाढा काढून बारा वर्षे झाली होती, आणि पडद्यावर राखाडी पट्टीसारख्या दिसणाऱ्या उरलेल्या हाडाची उंची जेमतेम ३ मिलिमीटर भरली. त्यातच वरच्या जबड्याचे मागचे हाड मुळात सच्छिद्र असते. म्हणून गालाकडच्या बाजूने हाडात छोटी खिडकी करून सायनसचे नाजूक अस्तर हळूच वर उचलायचे आणि खाली तयार झालेल्या जागेत भरण घालायचे, याला सायनस लिफ्ट म्हणतात.

खरा प्रश्न भरणाचा. रुग्णाचे स्वतःचे हाड हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून घेता येते. त्यात जिवंत पेशी असतात, पण दुसरी जखम होते आणि ते हाड लवकर विरघळून भरणाची उंची घटू शकते. दुसरा पर्याय दात्याच्या हाडाचा. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊती पेढी आहे आणि तेथे दान मिळालेल्या ऊती गॅमा किरणांनी निर्जंतुक करून वापरासाठी दिल्या जातात, हे मला तेव्हाच समजले. तिसरे गुरांचे हाड: त्यातील सेंद्रिय भाग काढून केवळ खनिज सांगाडा ठेवलेला असतो, तो फार सावकाश झिजतो, म्हणून उंची टिकते. सायनसमध्ये त्याचा अनुभव दीर्घ आहे आणि माझ्यावर वेळ आली तर मी बहुधा तेच निवडेन. चौथे कृत्रिम, म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांचे मिश्रण. पहिला घटक बराच काळ टिकतो, दुसरा विरघळत जाऊन नव्या हाडाला जागा करून देतो.

हे सर्व ऐकून आई म्हणाली, "डॉक्टर, मला ते कारखान्यातलंच घाला."

"चालेल काकू," डॉक्टर म्हणाले, "पण खिडकीवर जो पडदा ठेवतो, तो बहुतेक वेळा डुकराच्या किंवा गुरांच्या कोलॅजनचा, म्हणजे कातडी-स्नायुबंधांतल्या प्रथिनाचा, असतो. तेही तुम्हाला आधीच सांगतो."

हे आम्हाला सुचलेही नसते. पावडरची चौकशी करणारेसुद्धा पडद्याचे विचारायला विसरतात. शेवटी आईचेच रक्त काढून ते यंत्रात फिरवले आणि त्यातून मिळालेल्या फायब्रिनचा (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचा), पिवळसर सायीसारखा दिसणारा पडदा वापरायचे ठरले.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी मला कुपी दाखवली. आत जाडसर रव्यासारखे पांढरे दाणे होते. नंतरच्या सूचना कडक होत्या: नाक जोराने शिंकरायचे नाही, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यायची, कारण सायनसमधील दाब वाढला तर अस्तर फाटू शकते. आईने काही आठवडे हे सारे पाळले. वारीच्या दिवसांतल्या सर्दीतही तिने नाक शिंकरले नाही. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला, तेव्हा ३ मिलिमीटरच्या जागी ११ मिलिमीटर उंची दिसली आणि त्यानंतर इम्प्लांट बसले.

कुपीवरचे लेबल, बॅच क्रमांकासह, डॉक्टरांनी आईच्या फायलीत चिकटवून दिले आहे. घटकांची नावे वाचता यावीत म्हणून मी त्याच्याखाली ती मराठीत लिहून ठेवली आहेत.